न्यायविद्येची पंगत

परीक्षा दिल्यावांचून वकील होतां येत नाहीं, हें शाळकरी मुलासही ठाऊक असतें. परंतु जेवल्यावांचून वकील होतां येत नाहीं, असा नियम एका मोठ्या राष्ट्रांत शतकानुशतकें चालत आला, हें सांगितलें तर ऐकणारास हंसूं येतें. लंडन शहरीं बॅरिस्टर होऊं इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यानें ठराविक संख्येचीं भोजनें आपल्या संस्थेच्या भोजनगृहांत घेतलीं पाहिजेत, असा दंडक होता, आणि त्याचा अवशेष आजही शिल्लक आहे. एके काळीं व्याख्यानें चुकविलीं तरी चालत, ग्रंथांचें पठन घरीं करतां येई. पंगत मात्र चुकवून चालत नसे. वरवर पाहतां हा इंग्रजांच्या विक्षिप्तपणाचा एक मासला वाटतो. परंतु पंगतीस कोण बसतो, कोणाच्या शेजारीं बसतो आणि पंगतींतून कोणास उठविलें जातें, या प्रश्नांचें महत्त्व ज्यांना निराळें समजावून सांगावयास नको, त्या आपल्या लोकांनीं तरी ही कथा केवळ गंमत म्हणून ऐकूं नये.

या कथेचा उगम मध्ययुगांत आहे. ऑक्सफर्ड व केंब्रिज हीं विद्यापीठें तेव्हां नांवारूपास आलेलीं होतीं. तेथें कायदा शिकविला जाई, पण तो रोमचा आणि चर्चचा. राजाच्या न्यायालयांत ज्या देशी कायद्याप्रमाणें निवाडे होत, तो रूढींचा व पूर्वनिर्णयांचा ‘कॉमन लॉ’ शिकविण्याची सोय तेथें नव्हती. विल्यम ब्लॅकस्टन यानें ऑक्सफर्डला त्या विषयावर व्याख्यानें देण्यास आरंभ केला तो १७५३ सालीं, म्हणजे इकडे पेशवाईचा अंमल उत्तरेकडे पसरत होता त्या सुमारास. तोंपर्यंत ज्यास हा कायदा शिकावयाचा असे, त्यानें न्यायालयाच्या जवळपास बिऱ्हाड करावें, जुन्या वकिलांच्या सहवासांत राहावें आणि ऐकून, पाहून, विचारून तो आत्मसात करावा, हाच मार्ग होता. राजाचीं न्यायालयें वेस्टमिन्स्टर येथें भरत. तें स्थान व लंडनची जुनी पेठ यांच्या मधल्या टापूंत अशा विद्यार्थ्यांचीं व वकिलांचीं वसतिस्थानें उभीं राहिलीं. ‘इन’ या शब्दाचा अर्थच मुळीं उतरण्याची जागा. या अनेक वसतिस्थानांपैकीं चार मोठ्या संस्था आजतागायत टिकून आहेत : लिंकन्स इन, इनर टेंपल, मिडल टेंपल आणि ग्रेज् इन.

त्यांपैकीं दोहोंच्या नांवांत ‘टेंपल’ हा शब्द येतो त्याचें कारण मनोरंजक आहे. जेरुसलेमच्या रक्षणार्थ शस्त्र धारण करणाऱ्या टेंप्लर नांवाच्या संन्यासी योद्ध्यांचा मठ थेम्स नदीच्या कांठीं होता. त्यांनीं बांधलेल्या वर्तुळाकार चर्चचें उद्घाटन ११८५ सालीं खुद्द जेरुसलेमच्या धर्माध्यक्षाच्या हस्तें झालें. पुढें १३१२ सालीं पोपनें हा पंथच मोडून टाकला. जागा दुसऱ्या एका योद्धापंथाकडे गेली. आणि त्याच्यापासून ती वकिलांनीं भाड्यानें घेतली. योद्धे गेले आणि वाद घालणारे आले! १६०८ सालीं पहिल्या जेम्स राजानें सनद देऊन ती जागा दोन्ही टेंपलांस कायमची बहाल केली. मात्र चर्चची निगा राखली पाहिजे व विद्यार्थ्यांच्या राहण्याची व शिक्षणाची सोय अखंड ठेविली पाहिजे, अशी अट घातली.

या संस्थांच्या अगदीं आरंभींच्या काळाचे कागद फारसे उपलब्ध नाहींत. १३८१ सालीं वॅट टायलर याच्या पुढारीपणाखालीं शेतकऱ्यांनीं बंड केलें, तेव्हां बंडखोर टेंपलमध्यें शिरले आणि वकिलांचीं पुस्तकें व दप्तरें त्यांनीं रस्त्यावर आणून जाळलीं. आपल्या पायांतील बेड्या कागदावर लिहिलेल्या असतात, हें त्या अडाणी म्हणविल्या जाणाऱ्या लोकांस पक्कें समजलें होतें. लिंकन्स इनच्या ‘काळ्या वह्या’ मात्र १४२२ पासून अखंड चालत आलेल्या आहेत. पंधराव्या शतकांतील एक सरन्यायाधीश सर जॉन फॉर्टेस्क्यू यानें इंग्लंडच्या कायद्याची स्तुति करणारा लॅटिन ग्रंथ लिहिला, त्यांत या संस्थांचें वर्णन आहे. तेथें कायद्याबरोबर गायन व नृत्यही शिकविलें जाई, असें तो सांगतो. आणि राहण्याचा खर्च इतका असे कीं थोरामोठ्यांच्या मुलांखेरीज इतरांस तो झेपत नसे, हेंही सांगतो. त्याला ही गोष्ट भूषणावह वाटत होती. बंधुत्वाच्या दाराशीं पहिला पहारेकरी पैसा उभा होता, एवढाच अर्थ आज त्यांतून घ्यावयाचा.

शिक्षणाची पद्धत आपल्याकडील गुरुकुलाची आठवण करून देणारी होती. संस्थेचे वडीलधारी सदस्य ते ‘बेंचर’. त्यांच्याच हातीं सर्व कारभार. त्यांतील एकजण ‘रीडर’ म्हणून नेमला जाई व एखादा जुना कायदा घेऊन त्यावर कित्येक दिवस विवरण करी. इतर वकील त्याच्यावर प्रश्नांचा भडिमार करीत. संध्याकाळचें जेवण आटोपलें कीं त्याच दालनांत बांकांची मांडणी करून लुटुपुटीचें न्यायालय भरे. बेंचर न्यायाधीश होत आणि तरुण मंडळी काल्पनिक खटला लढवीत. बाहेरच्या बाजूस बसून बोलण्याचा ज्यास अधिकार मिळे तो ‘अटर बॅरिस्टर’, आंतल्या बाजूस बसून ऐकणारा तो ‘इनर बॅरिस्टर’. बॅरिस्टर हा शब्द न्यायालयाच्या कठड्यापेक्षां या भोजनगृहाशींच अधिक निगडित आहे. एकाच दालनांत अन्न, अध्ययन आणि वादविवाद चालत असल्यामुळें विद्यार्थी जेवावयास आला म्हणजे तो शिकावयास आला, असें निःशंकपणें धरतां येत असे. हजेरीचा पट भोजनाचा ठेवला गेला तो यामुळें.

त्या दालनांत केवळ कायदाच घुमत असे असेंही नाहीं. नाताळांत तेथें सोंगाचा राजा नेमीत आणि नाचगाण्यांची धमाल उडवीत. २८ डिसेंबर १५९४ च्या रात्रीं ग्रेज् इनमध्यें शेक्सपियरचें ‘कॉमेडी ऑफ एरर्स’ हें नाटक झालें, तेव्हां इतकी गर्दी व गोंधळ झाला कीं त्या रात्रीस ‘घोटाळ्यांची रात्र’ असेंच नांव पडलें. मिडल टेंपलच्या भव्य दालनांत २ फेब्रुवारी १६०२ रोजीं ‘ट्वेल्फ्थ नाइट’ झालें. आणि त्या नाटकाच्या प्रयोगाचा सर्वांत जुना दाखला सांपडतो तो तेथल्याच जॉन मॅनिंगहॅम या कायद्याच्या विद्यार्थ्याच्या रोजनिशींत. वाङ्मयाच्या इतिहासकारांनीं या जेवणावळींचे उपकार मानावे तितके थोडे आहेत.

रीडरच्या पदाचा मान मोठा, पण त्याबरोबर मेजवान्या द्याव्या लागत त्याही मोठ्या. त्यांचा खर्च इतका वाढत गेला कीं दंड भरून त्या मानांतून सुटका करून घेण्याकडे लोकांची प्रवृत्ति झाली. त्यांत १६४२ सालीं राजा व पार्लमेंट यांच्यांत यादवी युद्ध पेटलें आणि विवरणें व वादसभा बंद पडल्या. युद्धानंतर त्या पुन्हां नीटशा रुजल्याच नाहींत. अठराव्या शतकांत असा चमत्कार दिसतो कीं पंगतींतील विद्या नाहींशी झाली होती आणि पंगत जशीच्या तशी उरली होती. विद्यार्थ्यानें फी भरावी, जेवणें पुरीं करावीं, वर्षें मोजावीं आणि बॅरिस्टर व्हावें. त्याला कायदा येतो कीं नाहीं हें कोणी विचारीत नसे. ज्यास खरोखर शिकावयाचें असे तो एखाद्या जाणत्या वकिलाच्या कचेरींत पैसे भरून उमेदवारी करी. १८४६ सालीं पार्लमेंटच्या समितीनें कायद्याच्या शिक्षणाची चौकशी करून या स्थितीवर कोरडे ओढले. १८५२ सालीं चारही संस्थांनीं मिळून शिक्षणमंडळ स्थापिलें, आणि सक्तीची परीक्षा आली ती १८७२ सालीं. म्हणजे जगभर न्यायदान शिकवूं पाहणाऱ्या या राष्ट्रांत वकिलाची परीक्षा सक्तीची झाली ती मुंबई विद्यापीठाच्या स्थापनेनंतर पंधरा वर्षांनीं!

परीक्षा आली तरी भोजनें गेलीं नाहींत. वर्षाच्या चार सत्रांत मिळून तीन वर्षांचीं बारा सत्रें ‘पाळावयाचीं’. आणि सत्र पाळणें म्हणजे त्यांतील ठराविक भोजनांस हजर राहणें. लांब मेजांवर चौघाचौघांचे गट पाडून बसत. काळा झगा अंगावर असल्याखेरीज बसतां येत नसे. आरंभीं व शेवटीं प्रार्थना होई. ग्रेज् इनमध्यें राणी एलिझाबेथ हिच्या स्मरणार्थ पेला उंचावण्याची चाल आहे. तेथील नक्षीदार लांकडी पडदा स्पॅनिश आरमाराच्या जहाजाच्या लांकडाचा आहे, आणि मिडल टेंपलमधील एक मेज ड्रेकच्या ‘गोल्डन हाइंड’ जहाजाच्या फळीचें आहे, अशा आख्यायिका नव्या विद्यार्थ्यास आवर्जून सांगितल्या जातात. बॅरिस्टरांनीं एकमेकांशीं हस्तांदोलन करूं नये, अशीही एक जुनी रीत आहे. सगळे एका घरचेच, मग ओळखीचा उपचार कशास?

हें घरचेपण अटलांटिकपलीकडील लोकांना हेवा वाटावा असें होतें. अमेरिकेंत कायदा शिकविला जाई तो विद्यापीठांत. तेथें इन नव्हत्या. १८६९ सालीं मिशिगन विद्यापीठांतील कायद्याच्या विद्यार्थ्यांनीं ‘फाय डेल्टा फाय’ या ग्रीक अक्षरांच्या नांवाचा बंधुसंघ स्थापिला आणि त्याच्या प्रत्येक शाखेस जाणूनबुजून ‘इन’ हें नांव दिलें. पहिली शाखा केंट या प्रख्यात न्यायाधीशाच्या नांवानें ओळखली जाऊं लागली. पुढें असे आणखीही संघ निघाले. परंतु ‘बंधु’ हा शब्द त्यांनीं अगदीं शब्दशः घेतला होता. स्त्रियांस त्यांत प्रवेश नव्हता. तेव्हां १९०८ सालीं शिकागोच्या विद्यार्थिनींनीं ‘कॅपा बीटा पाय’ हा आपला स्वतंत्र संघ काढला. मूळच्या लंडनच्या इन तरी याहून उदार होत्या काय? नव्हत्या. १९०३ मध्यें ग्रेज् इननें बर्था केव्ह हिला प्रवेश नाकारला, दुसऱ्याच वर्षीं लिंकन्स इननें ख्रिस्टाबेल पँकहर्स्ट हिला नाकारला. पंगतीस कोणास घ्यावें हें ठरविण्याचा अधिकार बेंचरांचा, आणि बेंचरांच्या मनांत स्त्रीची जागा दुसरीकडेच होती.

हिंदुस्थानच्या विद्यार्थ्यांना मात्र दार उघडें होतें. १८६२ सालीं कलकत्ता, मुंबई व मद्रास येथें हायकोर्टें स्थापन झालीं, आणि त्याच वर्षीं ज्ञानेंद्रमोहन टागोर हे लिंकन्स इनमधून पहिले हिंदी बॅरिस्टर झाले. बॅरिस्टरास येथील न्यायालयांत जो मान होता तो येथेंच शिकलेल्या वकिलास नव्हता. म्हणून ज्यास खर्च झेपे तो विलायतेची वाट धरी. पण तिकडच्या पंगतीस बसावयाचें तर इकडच्या पंगतींतून उठावें लागे. १८८८ सालीं मोहनदास करमचंद गांधी निघाले, तेव्हां मुंबईंत मोढ वाण्यांची जात जमली, त्यांस बहिष्कृत ठरविण्यांत आलें, आणि जो कोणी त्यांस मदत करील किंवा धक्क्यावर पोंचवावयास जाईल त्यास सव्वा रुपया दंड सांगण्यांत आला. लंडनला त्यांनीं इनर टेंपलमध्यें नांव घातलें. सत्रांतील सुमारें चोवीस भोजनांपैकीं निदान सहांस हजर राहावयाचें. चौघांच्या गटास मद्याच्या दोन बाटल्या मिळत. गांधी मद्य घेत नसल्यामुळें त्यांचा वांटा इतर तिघांस मिळे, म्हणून त्यांना आपल्या गटांत ओढण्यासाठीं चढाओढ लागे! आरंभीं ते पाव, उकडलेला बटाटा आणि कोबी यांवर भागवीत. नंतर एका पारशी विद्यार्थ्यासह अर्ज केल्यावर त्यांस बेंचरांच्या मेजावरील फळें व भाज्या मिळूं लागल्या. एवढीं जेवणें जेवून माणूस वकिलीस लायक कसा होतो, हें त्यांना अखेरपर्यंत उमगलें नाहीं. पूर्वी विद्यार्थी थोडे असत, बेंचरांशीं त्यांचें संभाषण होई, त्यांतून कांहीं संस्कार घडत. आपल्या काळीं बेंचरांचें मेज वेगळें व दूर होतें, असें त्यांनीं आत्मकथेंत नमूद केलें आहे. या एका निरीक्षणांत कित्येक अहवालांतलें सार आहे. १० जून १८९१ रोजीं ते बॅरिस्टर झाले आणि १२ जूनला बोटींत बसले.

हिंदी विद्यार्थ्यांस दार उघडें होतें, पण तें आंतून बंद करणारे हातही जागे होते. कच्छचे श्यामजी कृष्णवर्मा इनर टेंपलचेच बॅरिस्टर. लंडनला ‘इंडिया हाऊस’ स्थापून व ‘इंडियन सोशिऑलॉजिस्ट’ हें पत्र काढून त्यांनीं स्वातंत्र्याचा उघड पुरस्कार केला. ‘टाइम्स’ पत्रांत छापलेल्या त्यांच्या पत्रांवरून १९०९ सालीं त्यांचें नांव बॅरिस्टरांच्या यादींतून काढून टाकण्यांत आलें. त्यांनीं ठेविलेल्या शिवाजी शिष्यवृत्तीवर, लोकमान्य टिळकांच्या शिफारशीनें, नाशिक जिल्ह्यांतले विनायक दामोदर सावरकर १९०६ सालीं ग्रेज् इनमध्यें दाखल झालेले होते. त्यांचा अभ्यास पुरा झाला, परीक्षा झाल्या. तथापि १९०९ सालीं बेंचरांनीं त्यांस बॅरिस्टर करण्याचें नाकारलें. कायद्याच्या ज्ञानांत उणीव होती असें कोणीही म्हणालें नाहीं. राजनिष्ठा हा विषय अभ्यासक्रमांत छापलेला नव्हता, परंतु नापास करण्यास तो पुरेसा होता.

या सर्व कथेचे धागे ज्या एका वर्षांत येऊन गुंततात तें वर्ष १९२२. १९१९ च्या कायद्यानें स्त्रियांवरील बंदी उठली होती, आणि १० मे १९२२ रोजीं आयव्ही विल्यम्स ही इंग्लंडची पहिली स्त्री-बॅरिस्टर झाली. तिची संस्था इनर टेंपल. त्याच इनर टेंपलनें सहा महिन्यांनीं, १० नोव्हेंबर १९२२ रोजीं, अहमदाबादच्या राजद्रोहाच्या खटल्यांत शिक्षा झालेल्या गांधींचें नांव यादींतून काढून टाकलें. आणि त्याच वर्षीं ग्रेज् इनच्या दालनांत भीमराव रामजी आंबेडकर बॅरिस्टर झाले.

गांधी बॅरिस्टर झाले त्याच १८९१ सालीं, दोनच महिने आधीं, आंबेडकरांचा जन्म झालेला. साताऱ्याच्या शाळेंत त्यांना घरून आणलेल्या गोणपाटावर वेगळें बसावें लागे. नळाला हात लावावयाचा नाहीं. शिपायानें तोटी सोडली तर पाणी, शिपाई नसला तर तहान. १९१६ सालीं कोलंबिया विद्यापीठांतून ते लंडनला आले व ग्रेज् इनमध्यें नांव घातलें. पण बडोदें सरकारच्या शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळें १९१७ सालीं परतावें लागलें. बडोद्यास नोकरीवर रुजू झाले तर राहावयास खोली मिळेना. एका पारशी खानावळींत नांव लपवून राहिले, आणि जात कळतांच काठ्या घेतलेल्या जमावानें त्यांस बाहेर काढलें. मग मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजांत प्राध्यापकी, काटकसर, शाहू महाराजांचें साह्य, मित्राचें कर्ज. आणि १९२० सालीं पुन्हां लंडन. दिवसभर ग्रंथालयांत अर्थशास्त्राचा अभ्यास चालू होता, आणि सत्राच्या ठरल्या संध्याकाळीं झगा घालून चौघांच्या गटांत बसणें चालू होतें. त्या मेजावर एकाच ताटांतून वाढलें जाई, एकाच सुरईंतलें पाणी सर्वांना मिळे. बेंचरांचें मेज त्यांच्यापासूनही दूरच होतें. परंतु तें अंतर ज्येष्ठतेचें होतें, आणि तें वयानें व कर्तृत्वानें ओलांडतां येण्यासारखें होतें. जन्मानें पडलेलें अंतर आणि हें अंतर यांतला भेद त्या दालनांत इतर कोणाहीपेक्षां त्यांना अधिक कळत असला पाहिजे. ज्या संस्थेनें तेरा वर्षांपूर्वी सावरकरांस दारांतून परत पाठविलें, तिनेंच आंबेडकरांस जागा दिली. एकाच संस्थेच्या दोन वागणुकींपैकीं एकच सांगणें हा इतिहासाशीं अप्रामाणिकपणा होईल.

स्त्रियांच्या बाबतींतही महाराष्ट्राचा संबंध येथें येतो. नाशिकला जन्मलेल्या व पुण्याच्या डेक्कन कॉलेजांत शिकलेल्या कॉर्नेलिया सोराबजी यांनीं ऑक्सफर्डची कायद्याची उच्च परीक्षा १८९२ सालींच दिली होती. त्या लिंकन्स इनमधून बॅरिस्टर झाल्या १९२३ सालीं, वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षीं. त्यांच्याच आगेमागें त्याच संस्थेतून मिठन टाटा बॅरिस्टर झाल्या. मुंबई हायकोर्टांत वकिली करणाऱ्या त्या पहिल्या स्त्री. एकीला जें पंचविशींत मिळालें त्यासाठीं दुसरीस तीस वर्षें थांबावें लागलें. त्याच साली आंबेडकरांनींही मुंबई हायकोर्टांत सनद घेतली.

पुढची हकीकत थोडक्यांत सांगतां येण्यासारखी आहे. मे १९४१ मधील जर्मन बाँबवर्षावांत टेंपलचें बाराव्या शतकांतील चर्च जळालें, इनर टेंपलचें दालन व ग्रंथालय उद्ध्वस्त झालें, आणि ग्रेज् इनचें तें दालनही भस्मसात् झालें. लांकडी पडदा वांचला. दालन पुन्हां बांधून १९५१ सालीं खुलें करण्यांत आलें. हिंदुस्थानांत १९६१ च्या अधिवक्ता कायद्यानें येथील वकिलांतले जुने दर्जे मोडून सर्वांस एकाच वर्गांत आणलें, आणि बॅरिस्टरी हा येथील वकिलीचा राजमार्ग उरला नाहीं. लंडनच्या भोजनांची संख्या कमी होत गेली. व्याख्यानें, वादसभा, निवासी वर्ग हेही त्यांच्या जोडीस हजेरींत धरले जाऊं लागले, म्हणजे १६४२ पूर्वीचीच रीत वेगळ्या वाटेनें परत आली. अमेरिकेंतील स्त्रियांचे संघ व पुरुषांचे संघ यांच्यांतील भिंतीही पडल्या. ‘फाय डेल्टा फाय’ने २०१२ सालीं बंधुसंघाचें रूप टाकून गुणवंतांच्या संस्थेचें रूप घेतलें.

यादींतून काढलेलीं नांवें इनर टेंपलनें परत घातलीं : गांधींचें १९८८ सालीं, श्यामजी कृष्णवर्मांचें २०१५ सालीं. पहिल्यास चाळीस वर्षें आणि दुसऱ्यास पंचाऐशी वर्षें होऊन गेलीं होतीं मरून. २०२१ सालीं ग्रेज् इननें आपल्या वास्तूंतील एका खोलीस आंबेडकरांचें नांव दिलें आणि त्यांचें तैलचित्र तेथें लाविलें.